बत्तासा, अनारसा, घावन

‘अळवावरचं पाणी’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे फार उदास प्रसंगी वापरतात. शोकसभेत दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या वक्त्याच्या तोंडी तो येतोच. आयुष्य म्हणजे काय, अळवावरचं पाणी! पान जरा हललं की घरंगळलं. मला दर वेळी वाटतं, ज्या कोणी हा शब्दप्रयोग काढला त्याच्याकडे मोटार नसणार. असती, तर पावसात उभ्या असलेल्या आपल्या गाडीच्या बॉनेटवर तसेच टपोरे थेंब पाहून त्याला वैराग्य आलं नसतं. ‘चला, अजून महिनाभर बघायला नको’ असं म्हणून तो घरात जाऊन भजी खात बसला असता.

विषय मोटारीला लावायच्या मेणाचा आहे. म्हणजे आपण ज्याला ‘वॅक्स’ म्हणतो त्याचा. ते कसं लावावं हे डबीवर लिहिलेलं असतं. कापड ओलं असावं, हात गोल फिरवावा, ऊन नसावं वगैरे. पण एकदा लावल्यावर पुन्हा केव्हा लावायचं, हे कोणी धड सांगत नाही. मी बँकेत कारकून आहे, शिवाय बी.कॉम. मुदत नसलेली कुठलीही गोष्ट मला अस्वस्थ करते. मुदत ठेवीच्या पावतीवर कसं, कधी पिकणार ते छापलेलं असतं. मेणाची पावती मिळत नाही.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये या बाबतीत तीन पंथ आहेत. पहिला पंचांगवाल्यांचा. हे लोक दसऱ्याला झेंडूची माळ घालण्याआधी एकदा मेण लावतात आणि थेट पुढल्या दसऱ्यापर्यंत निर्धास्त असतात. दुसरा पंथ आरसेवाल्यांचा. दारात तोंड दिसतंय ना? मग कशाला लावायचं? (काहींना तोंड दिसतं म्हणूनच लावू नये असं माझं मत आहे, पण ते सोसायटीच्या सभेत मांडण्यासारखं नाही.) तिसरा पंथ गाडी जिथं सर्व्हिसिंगला जाते तिथल्या काउंटरवर बसतो. त्याच्या मते मेणाची वेळ नेहमी आजच झालेली असते.

या तिघांपैकी कोणाचं खरं, हे समजायला थोडं मागं जावं लागतं. किती मागं? १८८६ पर्यंत.

त्या वर्षी जानेवारीच्या २९ तारखेला जर्मनीत कार्ल बेन्झनं आपल्या तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटचा अर्ज दिला. त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावी, सॅम्युएल कर्टिस जॉन्सन नावाच्या गृहस्थांनी लाकडी जमिनी बसवून देण्याचा एक धंदा विकत घेतला. या दोघांनी एकमेकांचं नाव ऐकलेलं असायचं काही कारण नव्हतं. पण नशीब असं की, जॉन्सनसाहेबांची गिऱ्हाइकं जमीन बसवून झाली की विचारायची, ‘हिची निगा कशी राखायची?’ म्हणून साहेबांनी जमिनीला लावायचं मेण बनवायला घेतलं. आणि थोड्याच वर्षांत जमिनीपेक्षा मेणच जास्त खपायला लागलं. मोटारीचा अर्ज आणि मेणाचा धंदा एकाच सालातले. पत्रिका जुळवणाऱ्यानं छत्तीस गुण दिले असते.

सुरुवातीच्या मोटारी म्हणजे घोडा सोडलेल्या बग्ग्याच. त्यांना रंगही बग्गीचाच देत. जवसाच्या तेलात कालवलेला रंग, वर व्हार्निश, सगळं ब्रशनं, हातावर पुन्हा हात. प्रत्येक हात वाळला की घासायचा, मग पुढचा. एक गाडी रंगून बाहेर यायला आठवडेच्या आठवडे लागत. एवढं करून ते व्हार्निश पुढे पिवळं पडे, तडकेही. गाडी श्रीमंताची, त्याच्याकडे माणसं, त्यामुळे निगा राखायचा प्रश्न मालकाला पडत नसे. तो नोकराला पडे. इतिहासात बरेच प्रश्न असे फार दिवस नोकरालाच पडलेले असतात.

मग हेन्री फोर्ड आला. त्याची मॉडेल टी १९०८ साली निघाली, १९१३ मध्ये ती सरकत्या पट्ट्यावर जोडायला लागले, आणि एका सांगाड्याला जिथं साडेबारा तास लागत तिथं दीड तासात काम उरकायला लागलं. आता गाडी दीड तासात तयार आणि रंग वाळायला महिना, हे कसं जमावं? आमच्या शाखेत कॉम्प्युटर आला आणि सही करणारे साहेब जुनेच राहिले, तेव्हा असंच झालं होतं. फोर्डनं १९१४ ते १९२५ पर्यंत सगळ्या गाड्या काळ्या केल्या. स्वस्त, टिकाऊ, भट्टीत भाजून पक्का करता येणारा काळा. त्याआधी हीच गाडी तांबडी, हिरवी, करडीही मिळायची, हे लोक विसरतात. दीड कोटीहून जास्त मॉडेल टी निघाल्या आणि त्यातल्या बहुतेक काळ्या. त्या रंगाला डांबरासारखी जात होती. तो चकाकून दाखवायच्या भानगडीत पडत नसे आणि मालकही त्याची अपेक्षा करत नसे.

खरी भानगड सुरू झाली १९२३ मध्ये. महायुद्ध संपून गेलं होतं. ड्युपाँ कंपनी म्हणजे बंदुकीची दारू बनवणारी बडी असामी. आता तोफा थंडावल्या, कारखान्यांचं करायचं काय? कापसापासून केलेला नायट्रोसेल्युलोज हा त्या दारूचा मुख्य जिन्नस. त्याच्याच एका सौम्य मावसबहिणीपासून कंपनीनं रंग बनवला आणि त्याचं नाव ठेवलं ‘ड्युको’. जनरल मोटर्सनं १९२४ च्या आपल्या ओकलंड मोटारींना तो निळा फासून बाजारात आणला. फवारायचा, आणि काही तासांत वाळून मोकळा! महिन्याचं काम दिवसावर आलं. रंगीत मोटारींचं युग आलं ते तिथून, आणि फोर्डलाही काळ्याचा हट्ट सोडावा लागला. आपल्याकडे सुतार अजूनही ‘कपाटाला डुको मारू का?’ म्हणून विचारतो, तो हाच. आपल्या लॉफ्टच्या दारांचं आणि पहिल्या महायुद्धाचं असं नातं आहे.

पण या ड्युकोला एक खोड होती. तो फवारल्यावर आपोआप चकाकत नसे. त्याला घासून घासून चकाकी आणावी लागे. बरं, आणलेली चकाकी टिकतही नसे. उन्हात राहिला की वरचा थर मरायचा, खडूसारखी पांढुरकी भुकटी सुटायची. मग ती भुकटी पॉलिशनं घासून काढली की खालचा ताजा रंग दिसायचा. गाडी पुन्हा नवी! शेजारी बघतच राहायचे.

इथं माझ्यातला बी.कॉम. जागा होतो. पॉलिश आणि मेण या दोन गोष्टी आपण एका दमात, ‘वॅक्स-पॉलिश’ असं जोडनाव करून म्हणतो. जमाखर्चात त्या अगदी उलट्या बाजूंना जातात. पॉलिश म्हणजे मुद्दलातून केलेली उचल. दर वेळी रंगाचा थोडा थर खरवडूनच ती चकाकी येते. मेण म्हणजे वर ठेवलेली जमा. ती झिजते, उडते, धुतली जाते, पण मुद्दलाला हात लागत नाही. दर रविवारी पॉलिश करणारे हौशी मालक दहा वर्षांनी मडगार्डाच्या कडेला खालचा प्रायमर बघायचे आणि रंगवाल्याला शिव्या द्यायचे. चेकबुक स्वतःच्याच हातात होतं हो!

तर, चकाकी पाहिजे आणि ती टिकली पाहिजे, या अमेरिकन लोकांच्या गरजेवर शिकागो शहरातल्या माणसांनी बंगले बांधले. १९१० च्या सुमारास तिथं ‘सायमोनाइझ’ निघालं होतं. त्याचा एवढा बोलबाला झाला की इंग्रजी कोशात त्या नावाचं क्रियापद होऊन बसलं. आपण फोटोकॉपीला ‘झेरॉक्स मारली’ म्हणतो, तसे ते लोक मोटार ‘सायमोनाइझ’ करायला लागले. पुढे १९४० च्या दशकात त्याच शहरात बेन हर्श नावाचा एक खटपट्या माणूस घरच्या बाथटबमध्ये मोटारीचं पॉलिश ढवळायला लागला. बायको ते बाटल्यांत भरायची. (आंघोळ कुठं करत, हे त्यांच्या चरित्रात सापडत नाही.) याचंच पुढे ‘टर्टल वॅक्स’ झालं. त्याची विकायची तऱ्हा मात्र दाद देण्यासारखी होती. क्रिकेटचा सामना असावा तसा तिकडे बेसबॉलचा सामना असे. लोक आत गेले की हा बाहेर उभ्या गाड्यांपैकी एकेकीचं फक्त एक मडगार्ड घासून लखलखीत करायचा आणि वाट बघत थांबायचा, असं सांगतात. सामना संपला की मालक येई. बघतो तर गाडीचा एक खांदा नवा नवरा आणि बाकीचा वऱ्हाडी! बाटली घेतल्याशिवाय जातो कुठं?

हा माणूस हुशार, यात वाद नाही. पण ‘आरसेवाला’ पंथ जगभर पसरला तो अशाच प्रात्यक्षिकांनी, असं माझं मत आहे. मेण म्हणजे चकाकी, हे लोकांच्या मनात पक्कं बसलं. आणि मेण मुळात कशासाठी असतं हे मागंच राहिलं.

ते कळायला ब्राझीलला जावं लागतं. मला नाही, जॉन्सनच्या नातवाला जावं लागलं.

ब्राझीलच्या ईशान्य भागात, पियावी, सिअरा या प्रांतांत, एक ताड वाढतो. कार्नोबा त्याचं नाव. कोरडा, तापलेला मुलूख. पाऊस येतो तेव्हा येतो, नाहीतर महिनोन्‌महिने फिरकत नाही. अशा ठिकाणी पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून हे झाड पानांवर मेणाचा लेप देतं. पंख्यासारखी पानं कापतात, उन्हात वाळवतात, मग बडवतात. मेणाची भुकटी झडते, ती वितळवून गाळतात. हे मेण वनस्पतींच्या मेणांतलं सगळ्यांत टणक. मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना पाघळतं, हे ८२ च्या पुढे. वैशाखात दुपारी काळ्या मोटारीच्या टपाला हात लावून बघा, म्हणजे या वीस अंशांची किंमत कळेल. नुसतं कार्नोबा मात्र विटेसारखं कडक, ते गाडीला काय, भिंतीलाही फासता येत नाही. म्हणून त्यात तेलं, दुसरी मेणं मिसळून मऊ करतात. तेच मेण औषधाच्या गोळ्यांवर, चॉकलेटच्या रंगीत गोळ्यांवर असतं. म्हणजे आपण गाडीला जे लावतो ते मुलं खाऊन बसलेली असतात.

जॉन्सनच्या कारखान्याचा सगळा डोलारा या एका ताडावर. झाडं पुरतील ना, अशी शंका तिसऱ्या पिढीतल्या हर्बर्ट जॉन्सनला आली. आपण असतो तर पत्र पाठवून स्मरणपत्राची वाट बघितली असती. हा गृहस्थ १९३५ साली सिकॉर्स्की कंपनीच्या, पाण्यावरही उतरणाऱ्या विमानात बसून रसीनहून थेट ब्राझीलला गेला, कार्नोबाची राई शोधत. त्याचा मुलगा १९९८ मध्ये तशाच विमानाची प्रतिकृती करून त्याच वाटेनं पुन्हा गेला. मेणासाठी दोन पिढ्या समुद्र ओलांडतात, आणि आम्हाला तळमजल्यावर उतरायचा कंटाळा.

या हर्बर्ट जॉन्सनची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्यानं फ्रँक लॉइड राइट या जगप्रसिद्ध वास्तुशिल्पकाराकडून कचेरी बांधून घेतली, राहायचं घरही बांधून घेतलं. घराचं नाव ‘विंगस्प्रेड’. एका रात्री घरी पाहुण्यांची पंगत बसलेली, बाहेर पाऊस, आणि छत गळून पाणी नेमकं यजमानाच्या टकलावर टपटपायला लागलं. त्यानं संतापून राइटला फोन लावला. तर पलीकडून सल्ला आला की, खुर्ची सरकवून घ्या! ही दंतकथा असेल, पण दंतकथाही माणूस बघून चिकटतात. पाणी दूर ठेवणाऱ्या मेणासाठी जो अर्धं जग उडून आला, त्याच्याच डोक्यावर पाणी. थेंब उभे राहिले की पसरले, याची नोंद मात्र कोणी ठेवलेली नाही. माझ्या मामांनी ती पहिल्यांदा विचारली असती.

मामांविषयी आता सांगायलाच हवं. माझे मामा माहीमला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतात. त्यांच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती, आकाशी रंगाची. मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी ही गाडी मूळची फियाट. १९७० च्या दशकात तिचं बारसं ‘पद्मिनी’ असं झालं. तेव्हा मोटार घेणं म्हणजे बुकिंग करून विसरून जायचं. मामांचा नंबर लागेपर्यंत त्यांची मुलगी बालवाडीतून पाचवीत गेली. अशी गाडी मिळाल्यावर ती पाच वर्षांनी बदलायची असते, ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात येत नसे. ती जन्माची. आणि दाराबाहेर खारा वारा. आज जिथं रंगाचा टवका उडाला, तिथं पुढच्या पावसाळ्यात गंजाचा फोड. सगळी बचत एका पत्र्यात आणि त्या पत्र्याचं सगळं रक्षण केसाच्या जाडीच्या रंगात. त्यावर मेण, तेही एका मायक्रॉनहून पातळ! मामा मेण लावायचे ते हौसेनं नव्हे, धाकानं.

ते पंचांग बघत नसत, आरसाही बघत नसत. ते खाली उतरताना तांब्या घेऊन उतरत. आधी गाडी धुवायची. ‘पारोशा अंगावर परीक्षा नको’ हे त्यांचं सूत्र, कारण धुळीचा थर असला की खाली मेण असूनही पाणी पसरतं आणि उगाच पुन्हा लावायची पाळी येते. मग तांब्याभर स्वच्छ पाणी बॉनेटवर. बॉनेटवर आणि टपावरच, दारावर नाही. आडव्या अंगाला ऊन-पाऊस सगळं सोसावं लागतं, तिथलं मेण आधी जातं. दारं उभी असतात, त्यांचं महिना-दोन महिने जास्त टिकतं. मग मामा वाकून, एक डोळा मिटून, बाजूनं बघत.

‘‘वरनं काय बघतोस? आडवा हो. थेंब किती मोठा ते नको बघूस, किती उभा आहे ते बघ.’’

‘‘बघितलं, मामा.’’

‘‘बत्तासा आहे का?’’

मामांची मोजपट्टी तीन घरांची. थेंब बत्ताशासारखा फुगून बसला असेल तर मेण शाबूत. अनारशासारखा बसका झाला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, तर पुढच्या रविवारी. आणि पाणी घावनासारखं पसरून बॉनेटभर झालं, तर आज, आत्ता, जेवायच्या आधी. मामी वरून गॅलरीतून म्हणायच्या, ‘‘त्या तांब्यानं मी तुळशीला पाणी घालते हो! आणि खाण्याखेरीज दुसरा दाखला सुचत नाही का तुम्हाला?’’

गंमत अशी की, मामांच्या बत्ताशाला मोठं पाठबळ आहे. थॉमस यंग नावाचा इंग्रज डॉक्टर होता. रोगी तपासून उरलेल्या वेळात त्यानं प्रकाशाचा स्वभाव शोधला, इजिप्तची चित्रलिपी वाचायला मदत केली, आणि १८०५ मध्ये थेंब पृष्ठभागाला कुठल्या कोनात टेकतो यावर निबंध छापला. पृष्ठभागाला पाण्याची ओढ असेल तर थेंब लोळण घेतो, कोन लहान होतो. ओढ नसेल तर थेंब स्वतःतच गोळा होतो, कोन मोठा होतो. मधली सीमा काटकोनाची. बत्तासा टेबलावर ठेवून बाजूनं बघा, कडेला जवळजवळ काटकोनच! चांगल्या मेणावर थेंब या काटकोनाच्या जरा पुढे असतो. मेण झिजत गेलं की कोन उतरत जातो. त्याला सुट्टी नाही, वशिला नाही.

आणि अळू? अळवाचं पान या शर्यतीत मोटारीला कुठल्या कुठं मागं टाकतं. जर्मनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट १९७० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली पानं बघत होते. बघायच्या आधी पानं धुवावी लागत. पण काही जातींची पानं मुळी मळकी नसतच. त्यांच्या ध्यानात आलं की त्या पानांवर नुसतं मेण नसतं, मेणाचे अतिसूक्ष्म उंचवटे असतात. थेंब त्या टोकांवर तरंगतो, जवळजवळ पूर्ण गोल होतो आणि घरंगळताना धूळही घेऊन जातो. १९९७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यासह कमळाच्या पानावर निबंध लिहिला आणि जगभर ‘कमळाचा गुण’ म्हणून तो गाजला. आपल्या गीतेत पाचव्या अध्यायात कमळाच्या पानाचा दाखला आहेच. अळू हे त्याचंच गरीब घरचं भावंड, फतफत्यात जाणारं. मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, ‘‘म्हणजे बघ. पद्मिनी म्हणजे कमळिणीच की! नावात कमळ, आणि मेण मेलं मी लावतोय.’’

आता पंथांच्या भांडणाकडे. आरसेवाल्यांचं एके काळी अगदीच खोटं नव्हतं. ड्युको आणि त्याच्या भाईबंदांच्या काळात मेण संपलं की रंग लवकरच मरगळायचा, म्हणजे चकाकी उशिरा का होईना पण खरं सांगायची. १९८० च्या दशकापासून मात्र मोटारींना रंगावर एक पारदर्शक थर द्यायची चाल पडली, ‘क्लिअर कोट’. चकाकी असते ती या थराची. मेण असो-नसो, तो आरशासारखा चकाकतच राहतो, वर्षानुवर्षं. त्याच्यावर कावळा शिटो, आंब्याचा चीक पडो, बोअरवेलचं खारं पाणी वाळून डाग पडोत, तो हसतमुख. आणि एक दिवस टपावर पांढरा चट्टा येतो, पापुद्रा सुटतो. मग जगातलं कुठलंही मेण उपयोगाचं नाही, ते काम रंगवाल्याचं. म्हणजे आजच्या गाडीत तोंड दिसतं याचा मेणाशी काडीचा संबंध नाही. आमच्याकडे कर्ज घेणारे असे चकाकणारे चेहरे मी रोज बघतो. हप्ता कधी थकणार हे चेहऱ्यावरून कळत नाही.

पंचांगवाल्यांचंही तसंच. नैसर्गिक मेण दोन-तीन महिने टिकतं, प्रयोगशाळेत बनवलेला लेप सहा महिन्यांच्या आसपास, हे अंदाज ठीक आहेत. पण गाडी तळघरात असते की सुरूच्या झाडाखाली, यावर सगळं आहे. आमची गाडी पुसणारा मुलगा पहाटे पाचला एका बादलीत आठ गाड्या पुसतो आणि बादलीत चिमूटभर कपड्यांची पावडर टाकतो. फेस दिसला की मालक खूश. ती पावडर तेलकटपणा काढायलाच जन्माला आलेली. तिला सदऱ्याची कॉलर आणि मोटारीचं मेण यांत फरक कळत नाही. दसऱ्याचं मेण दिवाळीपर्यंत पुरलं तरी नशीब. हल्लीचे काही शाम्पू उलट फसवतात. ते धुताना स्वतःच पाणी गोळा करणारा लेप सोडून जातात, म्हणून आज धुतल्यावर बत्तासा दिसला तरी हुरळू नये. आठ-दहा दिवसांनी साध्या पाण्यानं धुऊन पुन्हा बघावा. तेव्हाही तो असेल, तर आहे.

मामांनी ती गाडी २००६ साली विकली. गुडघे गेले होते, वाकून एक डोळा मिटणं होईना. घ्यायला येणारा माणूस संध्याकाळी येणार होता. सकाळी मामांनी मला बोलावून घेतलं आणि आम्ही दोघांनी मिळून तिला शेवटचं मेण लावलं. मी टप आणि बॉनेट, ते खुर्ची टाकून दारं. ‘‘मामा, विकायचीच आहे ना? पैसे ठरलेत,’’ मी म्हटलं. ते म्हणाले, ‘‘लेक सासरी जाताना न्हाऊमाखू घालूनच पाठवतात.’’ संध्याकाळी तो माणूस टायर बघून, इंजिन ऐकून, पैसे मोजून गाडी घेऊन गेला. त्यानं बॉनेटकडे बघितलंही नाही. मामा गॅलरीत उभे होते.

मुंबईच्या रस्त्यावरच्या पद्मिनी टॅक्सीही आता नाहीत. शेवटचीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळी-पिवळी चाल बंद झाली. बातमी वाचून मी मामांना फोन केला. त्यांना सगळं आधीच पाठ होतं, तारखेसह.

माझी गाडी पांढरी आहे, लहान, बँकेच्या स्टाफ कर्जावरची. गेल्या जूनमध्ये माहीमला गेलो तेव्हा पहिला पाऊस सुरू झाला. मी छत्री उघडून जिन्याकडे धावत होतो, एवढ्यात वरून, पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून, चौऱ्याऐंशी वर्षांचा आवाज आला, ‘‘अनारसा!’’

आणि आतून मामींचा, ‘‘काही मिळणार नाही. डॉक्टरांनी साखर बंद केलीय तुमची.’’